सूर्याला घाई करणारे साडू

आमच्या साडूंइतका उतावळा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि त्यांच्याइतका सावकाश माणूसही झाला नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल कशी, असं ज्यांना वाटेल त्यांनी साडूंच्या स्कूटरवर मागे बसून कॉलेज रोडहून अंबडला जाऊन पाहावं. मी एकदा गेलो होतो. निघताना गुळगुळीत दाढी केली होती. पोचेस्तोवर ती वाढली. त्र्यंबक नाक्यावर एक भाजीची हातगाडी आम्हाला मागे टाकून गेली आणि गाडीवाल्याने वळून आस्थेने विचारलं, "काका, पंक्चर झालीय का?" आणि हा सबंध वेळ साडू मान मागे वळवून मला ओरडून सांगत होते, "अहो, घाई करायला हवी! साऱ्या जगाने घाई करायला हवी! असं रमतगमत चाललं तर आमच्या डोळ्यांदेखत सूर्य पेटायचा कसा?"

हा सूर्य आपला रोजचा नव्हे. तो उगवतो, मावळतो, त्याबद्दल साडूंची काही तक्रार नाही. त्यांना हवा आहे तो दुसरा, माणसांनी घरी केलेला. तिकडे फ्रान्समध्ये निम्म्या जगाने मिळून एक यंत्र मांडलं आहे. हायड्रोजनचे अणू इतके तापवायचे की बिचारे नाइलाजाने एकमेकांच्या गळ्यात पडतील, आणि त्या मिठीतून जी ऊर्जा निघेल तिच्यावर पुढच्या पिढ्यांनी दिवे लावायचे, पंखे फिरवायचे, मोबाइल चार्ज करायचे. धूर नाही, कोळसा नाही. साडू शाळेत असताना विज्ञानाच्या मास्तरांनी सांगितलं होतं, "मुलांनो, तुमच्या लग्नापर्यंत हे होईल." साडूंच्या लग्नात कुणा जाणत्याने सांगितलं, "मुलांच्या मुंजीपर्यंत नक्की." मुंज झाली, मुलगा मोठा झाला, कॅनडाला गेला, त्याच्या मुलाचं बारसं झालं, आणि अणू अजून एकमेकांकडे लाजून बघताहेत. साडूंच्या हृदयाची मात्र मध्यंतरी दोनदा दुरुस्ती झाली. डॉक्टरांनी जिने चढू नका, चिडू नका असं बजावलं. साडूंनी उलट विचारलं, "ते राहू द्या. टाके कुठल्या पद्धतीने घातलेत? सांधा तपासला का?"

कारण सांधा हा साडूंचा धर्म आहे. अंबडच्या एमआयडीसीत पोलादाची कामं करणारा एक कारखाना आहे, तिथे ते वेल्डिंगचे तपासनीस. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी शेठ त्यांना सोडत नाहीत. जगात जे जे जोडलेलं आहे ते ते तपासल्याशिवाय साडूंना चैन पडत नाही. भांडी बाजारातून ते माझ्याबरोबर चालले की किल्लीने प्रत्येक हंड्याला टिचकी मारून कान लावतात, आणि दुकानदाराला तोंडावर सांगतात, "हा कंठाशी रडतोय." माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाचं शिक्षण काय, घरचं काय, हे आम्ही विचारत असताना साडू त्यांच्या मोटारीखाली आडवे झाले होते. बाहेर येऊन त्यांनी घोषणा केली, "सायलेन्सरचा सांधा उत्तम आहे. होकार द्यायला हरकत नाही." आता ती मुलगी सुखात आहे आणि श्रेय साडू घेतात.

दिवाळीत तर विचारूच नका. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे साडूंची सौभाग्यवती, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, करंज्या करायला बसली की साडू भिंग घेऊन समोर. करंजीची कड नीट मिटली नाही तर ती तेलात फुटते, हे आपल्यासाठी सारण वाया जाणं. साडूंसाठी ती 'वेल्डची नामुष्की'. एका वर्षी त्यांनी करंज्यांना आंतरराष्ट्रीय सहकार्याचं तत्त्व लावलं. फ्रान्समधल्या यंत्राची गंमतच अशी की तिथे कुणी नुसती वर्गणी देऊन मोकळा होत नाही; प्रत्येक देशाने आपापल्या घरी एकेक भाग करून आणायचा. कोरियाने भांड्याचे तुकडे, जपानने चुंबकाची वेटोळी, आणि आपल्याकडे आला सगळ्यावरून घालायचा जगातला सर्वांत मोठा थर्मास. "म्हणजे डबा पार्टी," मी म्हणालो. "डबा पार्टीच," साडू म्हणाले, "फक्त तुमच्या डब्यातली पोळी त्यांच्या डब्यातल्या भाजीला केसाच्या अंतराने बसली पाहिजे." तर त्या तत्त्वाने सारण इंदिरानगरात आमच्या घरी झालं, पारी सिडकोत धाकट्या मेहुणीकडे लाटली गेली, आणि तळण पंचवटीत अक्काकडे. सगळं एकत्र आलं तेव्हा कळलं की पाऱ्या पुरीएवढ्या होत्या आणि सारण लग्नाच्या पंगतीएवढं. तिघी बहिणींनी तीन दिशांना तोंडं केली. साडू मात्र आनंदाने टाळ्या वाजवत होते. "हाच प्रश्न! अगदी हाच प्रश्न तिकडे फ्रान्सात आहे!"

आता या विद्येला मराठीत म्हणतात अणुसंमीलन. मीलन, म्हणून संमीलन. पण आपल्या कानांना वर्षानुवर्षं एकाच शब्दाची सवय. थर्मासाचं काम घेतलेल्या बड्या कंपनीने त्यातला एक तुकडा, माणसाच्या उंचीची पोलादी कॉलर, म्हणजे नळाच्या तोंडाभोवती बसणारं कडं, साडूंच्या कारखान्याकडे दिला, आणि साडू अभिमानाने कॉलनीत सांगून आले, "आमची कॉलर अणुसंमीलनाला जाणार." संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं की साडू अणुसंमेलनाला जाणार. दुसऱ्या दिवशी ते संमेलनाध्यक्ष झाले होते. साडू जीव तोडून सांगायचे, "मी! मीठातला मी! मेथीतला मे नव्हे!" पण मेथीची भाजी नाशिकमध्ये इतकी स्वस्त, की मिठाकडे लक्ष कोण देतो? कॉलनीतले एक निवृत्त पोस्टमास्तर सकाळीच घरी आले आणि म्हणाले, "माझ्या तेवढ्या दोन कविता तिकडे कुठे बसतात का बघा. एक पर्यावरणावर आहे." साडूंनी त्यांना बसवून यंत्र समजावलं: मध्यभागी सूर्याच्या पोटाहून दहापट तापलेला वायू, चार पावलांवर अंतराळाइतकं गार चुंबक, आणि मध्ये पोकळी, ज्यात हवेचा कणही शिरता कामा नये. पोस्टमास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग कविसंमेलन बाहेर मांडवात घेत असतील."

ते काम चाललं होतं तेव्हा साडू जमिनीवर नव्हतेच. जेवणाच्या सुट्टीत त्यांची मिटिंग असायची. पडद्यावर एका चौकटीत फ्रान्सच्या बाई, दुसऱ्या चौकटीत कोरियाचे गृहस्थ, तिसऱ्या चौकटीत आमचे साडू, तोंडात घास. कोरियाच्या गृहस्थांना त्यांनी 'बरंय मग' म्हणायला शिकवलं होतं. फ्रान्सच्या बाईंचं नाव त्यांना उच्चारता येत नसे, म्हणून ते 'ताई' म्हणत, आणि ते कुठल्या तरी हुद्द्याचं नाव असावं अशा समजुतीने बाईही ओ देत. एकदा मी तिथे बसलो होतो. भांडण होतं बोल्टच्या एका भोकावरून. तीन देशांचे तीन सूर लागले होते. साडू मला नंतर म्हणाले, "यात असेही देश आहेत, साडू, जे बाहेर एकमेकांची तोंडं बघत नाहीत. पेपरात तोफा, आणि इथे मात्र भोकाचं माप एक. मला कधीकधी वाटतं, सूर्य पेटला नाही तरी एवढं झालं ते काय कमी आहे?" मग लगेच दचकून म्हणाले, "पण पेटायला हवा हां. मी असेपर्यंत."

त्यांचं सगळं मागणं एवढंच होतं. पैसा नको, मान नको. आपण डोळे मिटण्याच्या आधी तो एकदा पेटलेला बघायचा. त्यासाठी ते दर आठवड्याला ताईंना विचारत, "आणखी लवकर नाही होणार?" ताई सांगत की एकेका तुकड्यापायी सगळे अडतात, तुमची कॉलर वेळेवर आली तर पुढचं वेळेवर. मग साडू येऊन वेल्डरच्या मागे उभे राहत आणि म्हणत, "घाई कर. पण सावकाश." त्या माणसाने त्यांच्यावर त्यांचीच स्कूटर का घातली नाही हे एक कोडंच आहे. घातली असती तरी साडूंच्या स्कूटरने काही लागलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

शेवटी कॉलर तयार झाली. साडूंनी तिची तपासणी केली, पुन्हा केली, आणि पसंतीचा शिक्का मारला. दोन दिवसांनी ट्रक येणार होता. शेठ मूळचे सायखेड्याचे, द्राक्षबागांतून कारखानदारीत आलेले, सगळं दणक्यात करणारे. ते म्हणाले, "साहेब, आपला माल परदेशात चाललाय. तो असा मुक्यानं पाठवायचा? नाय नाय. ढोल पायजे." झालं. अंबडच्या रस्त्यावर नाशिक ढोल आला, ट्रकला केळीचे खांब लागले, आणि कारखान्याच्या फाटकावर साडूंचा हसरा फोटो घेऊन भलाथोरला फ्लेक्स चढला: 'जागतिक अणुसंमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. साडूंनी तो वाचला आणि खिशातून छातीच्या गोळ्या काढल्या.

पूजेला त्यांची एकच अट होती: जे काय करायचं ते ट्रकचं करा, कॉलरला कुणी बोटही लावायचं नाही. पोकळीत जाणारी वस्तू. तिच्यावर हाताचा घामसुद्धा चालत नाही. कामगार हातमोजे घालून वावरत. एक जण तिच्याजवळ शिंकला म्हणून साडूंनी त्याला बाहेर उभं केलं होतं. नगरसेवक भाषणाला उभे राहिले. "नाशिकच्या मातीत अक्षरं रुजतात," असं त्यांनी सुरू केलं आणि साडूंनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात अक्का तबक घेऊन पुढे झाली. अक्का ट्रककडे वळलीच नाही. घरातून जे लांबच्या प्रवासाला निघतं, त्याला कुंकू लावायचं. ट्रक काय, परत येणार होता. कॉलर उभी होती, तिच्या सांध्यालगत एक जागा आरशासारखी घासून चकचकीत केलेली होती, आणि अक्काला तेच तिचं कपाळ वाटलं. तिने ओलं कुंकू, गळू नये म्हणून खोबरेल तेलात कालवलेलं, दोन बोटांनी तिथे मनापासून चेपलं.

साडूंची किंकाळी ढोलाच्या वर गेली. अशी किंकाळी मी फक्त एकदाच ऐकली होती, त्यांच्या मुलाने गॅसची नळी सेलोटेपने जोडली तेव्हा. ते धावले. होय, धावले, आयुष्यात पहिल्यांदा. हातमोजे चढवले, पांढरं फडकं स्पिरिटमध्ये बुडवलं आणि पुसायला लागले. कुंकू गेलं. सगळं गेलं, फक्त एक लाल रेघ राहिली. केसासारखी, बोटाच्या पेराएवढी. त्यांनी पुन्हा पुसलं. रेघ गेली, आणि आमच्या डोळ्यांसमोर हळूच परत वर आली.

साडू तिथेच मांडी घालून बसले.

सांधे तपासणारी ही मंडळी तडा शोधायला काय करतात ते साडूंच्या कृपेने मला माहीत होतं. पोलादावर लाल पातळ रंग फासायचा, पुसून टाकायचा, वर पांढरी पूड फवारायची. कुठे तडा असेल तर आत शिरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. अक्काने तीच चाचणी केली होती, देवाचं नाव घेऊन. पण दोन दिवसांपूर्वी साडूंनी पास केलेल्या सांध्यात तडा आला कुठून? शेठ घसा खाकरत पुढे आले. फोटोसाठी हार नीट बसावा म्हणून शिक्का पडल्यानंतर कुणी उत्साही माणसाने तिथे वेल्डिंगने इवलीशी कडी चिकटवली होती. मग साडूंच्या भीतीने रातोरात ती तोडून, घासून, चकचकीत करून ठेवली होती. हार अडकवायला म्हणून सूर्याच्या थर्मासाला कडी! हे जपान्याला सुचलं नसतं, जर्मनाला सुचलं नसतं.

"साहेब," शेठ खाली वाकून हळूच म्हणाले, "कुंकू हाय ते. डाग ऱ्हातोच की."

"कुंकू पुसलं की जातं, शेठ. हे गेलं नाही. आत शिरलंय."

"केसाएवढं तर हाय. आन् एवढ्या लांब, फ्रान्सात, कोन बघतंय?"

"हवा बघते. हवेला केसाएवढी फट म्हणजे मुंबई-आग्रा हायवे."

"लय उशीर व्हईल साहेब. कापा, परत जोडा, परत तपासा. त्यात कंपनी बोंबलणार. आन् हे बघा, लोक जमलेत, ढोल वाजतोय. तुमी नुसतं हात वर करा, ट्रक जाऊ द्या. तुमालाच घाई हुती ना?"

साडू त्या रेघेवरून हातमोज्याचं बोट फिरवत राहिले. मी जवळ जाऊन बसलो. नगरसेवक अजून अक्षरांवरच होते. मला साडूंच्या छातीचं माहीत होतं, डॉक्टर मागच्या खेपेला काय म्हणाले ते माहीत होतं. म्हणून मी म्हणालो, "शेठ म्हणतात ते अगदीच चूक नाही. कदाचित एवढ्याने काही व्हायचं नाही. तुम्हाला बघायचाय ना तो पेटलेला?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. "साडू," ते म्हणाले, "तुम्ही माझी चेष्टा करता तेव्हाच बरे दिसता."

मग त्यांनी खिशातून फोन काढला, ढोलवाल्यांना हाताने थांबवलं, आणि ताईंना फोन लावला. त्यांच्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं की कॉलर येत नाही, सांधा फुटला आहे, दोष आमचा आहे. मग ताईंनी काहीतरी विचारलं. साडूंनी अक्काकडे बघितलं आणि म्हणाले, "माय वाइफ फाउंड इट. स्पेशल रेड टेस्ट. व्हेरी ओल्ड इंडियन मेथड."

नगरसेवकांना वाटलं, फ्रान्सहून अध्यक्षांना फोन आला. त्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि जमावाने साथ दिली. मी एकंदर पुष्कळ सत्कार बघितले आहेत, पण माल परत ठेवल्याबद्दल झालेला हा पहिलाच.

अक्का मात्र कोपऱ्यात रडत होती. "माझ्याच हाताने विघ्न आलं," असं तिचं चाललं होतं. साडू तिच्यापाशी गेले. ते लोकांसमोर बायकोशी बोलत नाहीत, लग्नात घासाचं नाव घेतानासुद्धा त्यांनी पुरोहितांकडे बघून घेतलं होतं. ते म्हणाले, "अगं, विघ्न कसलं? एवढ्या देशांची यंत्रं आहेत, ती ही जागा पुन्हा बघणारच नव्हती. तुझ्या बोटाला सापडली."

अक्काने डोळे पुसले. "मग आणखी चार ठिकाणी लावून बघू का?"

"लाव," साडू गहिवरून म्हणाले, आणि पुढच्याच क्षणाला ओरडले, "नको! नको! बाजूला हो आधी!"

कॉलर कापली, जोडली, तपासली. फार महिने गेले. साडू म्हणतात तेवढा काळ साऱ्या जगाचं काम अंबडच्या एका शेडपाशी येऊन खोळंबलं होतं; मी ते निम्म्याने कमी करून ऐकतो, आणि उरलेलं निम्मं खरं असावं अशी मला भीती वाटते. दुसऱ्यांदा ट्रक गेला तेव्हा ढोल नव्हता. शेठनी स्वतः ताडपत्री बांधली आणि एकही फूल लावलं नाही. फाटकातून ट्रक वळला, धूळ बसली, आणि आम्ही दोघं साडू समोरच्या टपरीवर चहा घ्यायला बसलो. मध्यंतरी डॉक्टरांनी त्यांना स्कूटरही बंद करायला सांगितली होती. त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत.

"तुम्ही माझ्याहून लहान ना हो?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ."

"साखर?"

"नाही."

"रक्तदाब?"

"आहे थोडा."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, तपासनिसाच्या नजरेने. "चालेल," ते म्हणाले. "तुम्ही बघाल. मग एक करा. पेटला की मला सांगा."

"म्हणजे कुठे सांगू?" मी हसत म्हणालो, कारण दुसरं काय करावं ते मला कळेना.

"कुठेही. गच्चीवर, नदीवर, तुमच्या सोयीने. मोठ्याने म्हणा, साडू, पेटला. आजूबाजूचे हसतील. हसू द्यात."

मी बरं म्हणालो. साडूंनी चहा संपवला, बशी कपाखाली ठेवली आणि आम्ही उठलो.

हे झाल्यापासून मी रोज सकाळी सोमेश्वरापर्यंत चालत जातो. मीठ कमी केलंय, तळलेलं सोडलंय, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो. बायको सगळ्यांना कौतुकाने सांगते, "जन्मभर कानीकपाळी ओरडले, शेवटी यांनी माझं ऐकलं." मी तिचा गैरसमज दूर करत नाही. धाप लागली की पुलावर जरा टेकतो, आणि पुन्हा चालायला लागतो.